राजापुरात राहून नाटक, साहित्य नि नाच शिकायचा तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना वाटलं की हा 30 वर्षांपूर्वी मीच लिहिलाय. बारावी आर्ट्स झालीय, गाव राजापूर तालुक्यात, कथ्थकची मध्यमा पूर्ण ही परीक्षा दिलीयस, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटकं केलीस, वाचनाचं वेड आहे, आणि घरी सगळे म्हणतायत की ह्या तिन्हीतलं काय ते एक धर नाहीतर कशालाच धड होणार नाहीस. मुंबई-पुण्याला लगेच पाठवायला कोणी तयार नाही. तर हे तिन्ही एकत्र शिकता येतं का, आणि इथे राहून सुरुवात कशी करायची, हे तुला हवंय. शेवटी घुंगरांचं विचारलंयस, ते पण सांगते, आधी मोठं आवरूया.

मी कुडाळ बाजूची. कॉलेजात मराठी शिकवते, संध्याकाळी मुलांच्या एकांकिका बसवते, आणि रविवारी घरच्या पडवीत दहा-बारा मुली कथ्थकला येतात. म्हणजे तिन्ही करते आणि तिन्हीतल्या कुठल्याच गोष्टीत फार प्रसिद्ध नाहीये, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं तू त्या हिशोबाने वाचशील.

हो, एकत्र शिकता येतं. पण तीन वेगळे क्लास लावून नाही. सोमवारी नाच, बुधवारी नाटक, उरलेल्या दिवशी नोट्स, असं केलंस तर घरचे म्हणतात तेच खरं ठरेल. तिन्हीचा धागा एकच आहे, शब्द अंगात कसा उतरतो आणि अंगातून परत शब्द कसा निघतो. तेवढाच धागा धरून अभ्यास केला की एकाचा तास दुसऱ्याला फुकट मिळतो. बाबांना पटवायला उदाहरण हवं असेल तर आमच्या कुडाळचंच घे. इथे खानावळ चालवणारा एक माणूस आरती प्रभू नावाने कविता लिहायचा आणि चिं. त्र्यं. खानोलकर नावाने नाटकं नि कादंबऱ्या, 1930 ते 1976 एवढंच आयुष्य मिळालं, आणि गेल्यावर 1978 साली कवितेला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांना कोणी एक धर म्हटलं नसेल असं नाही, म्हटलंच असणार, गाव आहे शेवटी.

आता तुला वाटतंय की इथे काही नाही, सगळं तिकडे आहे. उलट सांगते. पुण्याला मी शिकायला गेले तेव्हा वर्गातली मुलं जे पुस्तकातून वाचत होती ते मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत बघितलेलं होतं, फक्त मला ते बघितलंय हे माहीत नव्हतं. आजी मला गोधडीसकट जत्रेला न्यायची. रात्री पालखी फिरून झाली की दशावतार उभा राहायचा, आधी आडदशावतार, म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, मग काळ्या कपड्यातला तांबडी जीभ लोंबणारा संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची फिरकी घेणार, आणि मग मुख्य आख्यान, ते पार उजाडेपर्यंत. साथीला पेटी, पखवाज, झांज. बस.

आणि ह्या सगळ्याला लिहिलेली संहिताच नसते. हे नुसतं ऐकून सोडून देऊ नकोस, साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे थांबायला पाहिजे. संध्याकाळी रंगपटात माणसं तोंडाला रंग लावत बसलेली असतात, मालक किंवा जाणता नट आजचं आख्यान सांगतो, कोण कुठला पार्ट करणार, कुठे युद्ध, कुठे शाप, एवढंच, आणि मग संवाद तिथल्या तिथे. समोरच्याने पुराणातला एक दाखला टाकला की ह्याने त्याला तोडीस तोड दुसरा काढायचा. नटाचं वाचन, पाठांतर, श्रवण, सगळं त्या क्षणाला पणाला लागलेलं असतं. आम्ही एम. ए. ला मौखिक परंपरा म्हणून जे वीस मार्कांना लिहिलं, ते इथे कोपऱ्यातल्या ट्यूबलाइटखाली जिवंत चालू असतं आणि आपण भजी खायला उठतो.

तुमच्या बाजूला दशावतारापेक्षा नमन-खेळे आणि जाखडी जास्त, ते तर तुझ्या अंगणातच आहे. गणपतीत जाखडी बघतेस ना? मधे गायक नि ढोलकीवाला, भोवती गोल धरून नाचणारे, पायात चाळ. यंदा मोबाईल न काढता फक्त पाय बघ. मी जेवढं ऐकलंय त्यात बहुतेक चाल आठ मात्रांत बसते, तू ततकार, म्हणजे कथ्थकचं मूळ पायकाम, सोळा मात्रांचा करतेस, मनातल्या मनात त्यावर तुझा ततकार लाव आणि बघ कुठे जुळतो, कुठे ते लोक मुद्दाम वजन मागे ठेवतात. ते मागे ठेवणं क्लासात कोणी शिकवणार नाही. आणि शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे शक्तीवाले नि तुरेवाले अशा दोन पक्षांचा सामना असेल तर कान शब्दांकडे दे, एका बाजूने पुराणातलं कोडं टाकायचं, दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचं. कविता, वाद आणि नाच एकाच गोलात. ह्याला कोणी एक धर म्हणत नाही बघ.

बघताना वही ठेव. सुंदर नोट्स नकोत. पानाच्या डाव्या बाजूला काय ऐकलं, उजव्या बाजूला त्याच वेळी अंग काय करत होतं. एका रात्रीत दोन पानं झाली तरी पुष्कळ. माझ्या अशा अकरा वह्या आहेत, त्यातल्या तीन वाळवीने खाल्ल्या, तू प्लास्टिकच्या डब्यात ठेव.

एक प्रसंग सांगते, कारण माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं. पुण्याहून शिकून आल्यावर मी एका एकांकिकेत राणीचं काम करत होते, तालमीला आमच्या गावचे एक म्हातारे दशावतारी बसले होते, उभं आयुष्य स्त्रीपार्टी केलेला माणूस. मी चालले. ते बिडी विझवून म्हणाले, "गो बाय, तू बाईमाणूस, तरी साडयेत चालूक माझ्याकडसून शिकूक व्हया तुका." सगळे हसले, मी पण हसले, आतून चिडले. मग त्यांनी लुंगीवरच चालून दाखवलं. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. निरीला आधी गुडघा लागला पाहिजे, मग पाय. बघायचं असेल तिकडे आधी डोळे जातात, मान मागाहून. आणि मग म्हणाले की दासी निऱ्या हाताने उचलते, राणी पायाने ढकलते. मी घरी येऊन आरशासमोर दोन तास हे केलं. सात वर्षं कथ्थक शिकून मला चक्कर मारता येत होती, चालता येत नव्हतं.

अभिनयदर्पणात जे म्हटलंय ना, जिथे हात तिथे दृष्टी, जिथे दृष्टी तिथे मन, मग भाव, मग रस, तो श्लोक मी परीक्षेत दहा वेळा लिहिला असेन. अर्थ त्या लुंगीवाल्या राणीने सांगितला. तसंच नाट्यशास्त्रातले चार अभिनय, आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. पाठ करायला पाच मिनिटं लागतात. पण दशावतारात एक लाकडी बाकडं असतं, त्यावर राजा बसला की सिंहासन, तेच ओलांडलं की डोंगर, त्याच्याआड लपलं की जंगल, तेव्हा आंगिक आणि आहार्य एकमेकांचं काम कसं वाटून घेतात ते दिसतं. जत्रेहून आल्यावर ते प्रकरण वाच, उलट क्रमाने नको.

आता साहित्य. तू लिहिलंयस की नाटक वाचायला कंटाळा येतो, कादंबरी आवडते. बरोबर आहे, नाटक कादंबरीसारखं वाचलं तर कंटाळाच येणार, त्यात अर्धंच लिहिलेलं असतं. दोन ओळी घे, आत्ता मनाने लिहिते.

आई : जेवलास?
मुलगा : हो.

कादंबरीवाला इथे पान भरून लिहील की तो खोटं बोलतोय. नाटकात काही लिहिलेलं नाही. मुलगा ‘हो’ म्हणताना पाय धुतोय, का पेज वाढून घेतोय, का दारातच उभा आहे आणि चपला काढलेल्या नाहीत? तिन्हीत नाटक वेगळं. आई विचारताना त्याच्याकडे बघतेय का निवडत असलेल्या तांदळाकडे? मी वर्गात मुलांना एवढ्या दोन ओळींवर अख्खा तास घालवायला लावते, पहिली पंधरा मिनिटं ती खिदळतात, मग कोणीतरी असं ‘हो’ म्हणतं की वर्ग गप्प होतो. तर नाटक वाचताना पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यापुढे एक क्रियापद लिही, हे पात्र ह्या वाक्याने समोरच्याला काय करतंय. टोचतंय, गोंजारतंय, टाळतंय, अजमावतंय. ‘दुःखी आहे’ असं लिहायचं नाही, दुःखी करता येत नाही, टाळता येतं. महिनाभर हे केलंस की कादंबरीतले संवादसुद्धा वेगळे दिसायला लागतील.

आणि नाच नाटकात कुठे येतो हे बघायचं तर ‘घाशीराम कोतवाल’ घे. 1972 सालचं विजय तेंडुलकरांचं नाटक, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नृत्याची बाजू कृष्णदेव मुळगुंदांची. छापील पुस्तकात माणसांची रांग, ती गाते, पाठ फिरवते, असं कंसात वाचून तू पुढे जाशील. पण प्रयोगात ती रांग म्हणजेच नाटक, पाठ फिरवली की भिंत, वळली की गाव, आत दडलेलं पाप दिसू नये म्हणून झुलणारा पडदा. सुरुवातीला गणपती नाचत येतो, हे तुला कुठेतरी बघितल्यासारखं वाटेल, कारण आपल्याकडचे खेळे, दशावतार ह्यांच्याशी त्याचं थेट नातं आहे. व्हिडिओ मिळाला तर आवाज बंद करून एकदा बघ, मग पुस्तक वाच, मग आवाजासकट बघ. साहित्याच्या पेपरात ह्यावर राजकीय अर्थ वगैरे लिहितात, लिहायला हवाच, पण भिंतीबद्दल चार ओळी लिहिणारा विद्यार्थी मला वर्षातून एखादाच भेटतो.

एक गंमत सांगते, ही मला कोणी शिकवली नाही, मलाच एकदा भात लावणीच्या दिवसात भांडी घासताना सापडली. लहानपणी मनाचे श्लोक म्हटलेस ना? ते भुजंगप्रयात वृत्त. लगागा चार वेळा, ल म्हणजे लघु अक्षर, एक मात्रा, गा म्हणजे गुरू, दोन मात्रा. एक लगागा म्हणजे 1 अधिक 2 अधिक 2, पाच मात्रा. चार वेळा म्हणजे वीस. आणि झपताल किती मात्रांचा? दहा. म्हणजे एक ओळ म्हटलीस की झपतालाची बरोबर दोन आवर्तनं होतात. हाताने टाळी-खाली दाखवत म्हणून बघ. फक्त एक गोचीय, झपतालाचे तुकडे 2-3-2-3 असे, आणि वृत्तात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतं लघु अक्षर, जड अक्षर एक मात्रा पुढे. त्यामुळे म्हणताना सारखं अर्धं पाऊल पुढे कलल्यासारखं होतं. ते कलणं पायाने करून बघ, हळूहळू, आधी घुंगरू न बांधता. वृत्तांचा जो धडा सगळ्या मुली ल-ग च्या खुणा करून मार्कांपुरता पाठ करतात, तो तुझ्या पायात जाईल आणि मग जाणार नाही. हेच मग इतर वृत्तांवर कर, सगळीच इतकी सरळ बसणार नाहीत, न बसणाऱ्यांत जास्त मजा आहे.

आता चुका. माझ्या.

एक तर परीक्षांच्या मागे लागले. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम-पूर्ण, मध्यमा प्रथम-पूर्ण, विशारद प्रथम-पूर्ण, अशी गांधर्व महाविद्यालय मंडळाची सात पायऱ्यांची शिडी, पुढे अलंकार. शिडी वाईट नाही, पण माझ्या क्लासात ती शिडी म्हणजेच नाच झाला होता, वर्षभर तेच तुकडे, तेच तोडे, तेही रेकॉर्ड केलेल्या लहऱ्यावर, म्हणजे तालाची आवर्तनं धरून फिरत राहणाऱ्या धुनेवर. विशारद हातात आल्यावर पहिल्यांदा समोर खरा तबलजी बसला, त्याने एक तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा, जरा फिरवून घेतली आणि मी समेच्या पुढे जाऊन उभी. लोकांना कळलं नाही, त्याला कळलं, मला कळलं. तेव्हा तुझी मध्यमा झालीय तर पुढची फी भरण्याआधी सहा महिने कुठेतरी जिवंत साथीवर नाचायची सोय कर, आमच्याकडे भजनी मंडळातला पखवाजवाला आनंदाने बसतो, पाच-पन्नास चुका हसत सांभाळून घेतो. त्याला शास्त्रीय बोल येत नसले तरी चालेल, तू पढंत करून, म्हणजे बोल तोंडाने म्हणून सांग, तुझीही पढंत सुधारेल. बाय द वे, दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळतात म्हणून येणाऱ्या मुली अकरावीत गायब होतात, तू टिकलीस म्हणजे गुणांसाठी आलेली नव्हतीस, एवढं तुझ्या बाबांना जरूर सांग.

दुसरी चूक प्रवेश परीक्षेची. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, मी नाटकाच्या कोर्ससाठी गेले होते. एक स्वगत इतकं घोटून पाठ की झोपेत विचारलं तरी म्हणेन. अर्ध्यावर आले तेव्हा समोरच्या बाईंनी थांबवलं आणि म्हणाल्या, आता हेच बोल, पण तू मासे साफ करतेयस. मी कोकणातली मुलगी, बांगडे रोज साफ करणारी, आणि मला एक शब्द फुटेना. हात चालले की तोंड बंद, तोंड चाललं की हात लटकलेले. नाही मिळाली सीट. तीन दिवस रडले, घरी कोणाला सांगितलं नाही, पुढच्या वर्षी तेच स्वगत विळीवर बसून, कपडे पिळत, एसटीत उभ्याने, सगळीकडे म्हटलं. तू पण एखादा उतारा असा सगळ्या कामांतून काढ. कल्ला साफ करताना वाक्य आपोआप तुटतं ना, खवले उडतात तेव्हा डोळे मिटतात ना, ती तुटलेली जागा बहुतेक वेळा बरोबर असते.

भाषेची भीती तुझ्या लिहिण्यातून दिसली. "माझी भाषा गावची आहे" असं लिहिलंयस. अगो, माफी कसली मागतेस. गंगाराम गवाणकरांचं वस्त्रहरण 1980 साली आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी लंडनपर्यंत नेली, गावच्या मंडळींनी नाटक बसवताना उडालेला गोंधळ हाच त्याचा विषय, आणि भाषा तीच जी आमची आजी बोलायची. तुमच्या बाजूच्या नमनात संगमेश्वरी बोली हशा कशी पिकवते ते तू बघितलंच असशील. पण हेही सांगते की फक्त बोलीवर राहू नकोस. ‘न’ आणि ‘ण’, ‘ळ’ आणि ‘ल’ हे जिभेला वेगळे करता आले पाहिजेत, शुद्धलेखनवाल्यांना खूश करायला नाही, तर उद्या कोणी अशुद्ध बोलणारी शहाणी बाई आणि शुद्ध बोलणारा मूर्ख माणूस असे दोन्ही पार्ट दिले तर करता यावेत म्हणून. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाच, आणि लगेच तोच आजीला समजेल अशा तुमच्या बोलीत सांग. हा व्यायाम माझा सगळ्यात आवडता आहे, अर्धा अग्रलेख बोलीत सांगायला गेलं की उरतच नाही.

आता शिक्षणाच्या जागा. इथे फार रेंगाळत नाही कारण माहितीपत्रकं दरवर्षी बदलतात. बारावीनंतर लगेच जायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, 1987 पासून चालू आहे, नाटक, नृत्य, संगीत तिन्हीत पदवी, प्रवेश परीक्षा असते. नृत्यच करायचं तर मुंबईत कनक रेळे यांनी उभं केलेलं नालंदा नृत्य महाविद्यालय. पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, आणि लोककला अकादमी, जी आपल्याकडच्या मुलांना सगळ्यात सोयीची असून कोणी तिचं नावच घेत नाही. गोव्यात कला अकादमीतही नाटकाचं शिक्षण मिळतं, आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना ते मुंबईहून जवळ. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांचं, त्याला आधी पदवी हवी, किमान 6 नाट्यप्रयोगांत काम केलेलं हवं आणि हिंदी-इंग्रजी कामापुरती यायला हवी, म्हणजे त्याचा विचार आत्ता नकोच, पण ते सहा प्रयोग मात्र आत्तापासून मोजायला घे आणि प्रत्येकाचं पत्रक, फोटो, सर्टिफिकेट जपून ठेव.

घरचे आत्ता सोडत नसतील तर माझं मत, रत्नागिरी किंवा जवळच्या कॉलेजात मराठी घेऊन पदवी कर. भांडून जाण्यापेक्षा तीन वर्षं इथली वसूल कर. मेजर-मायनर जे काय बसेल ते बसव, पण कॉलेज निवडताना एकच विचार, तिथे विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका, मूकनाट्य, लोकनृत्य उतरवतात का, आणि तालमीला हॉल मिळतो का. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या ग्रेडपेक्षा हॉलची किल्ली कोणाकडे असते ते विचार. शिपायाकडे असेल तर उत्तम.

वर्ष आपल्याकडे आपोआप आखलेलं असतं. पावसात वाचन आणि युवा महोत्सवाच्या तालमी, गणपतीत जाखडी, दिवाळीनंतर हौशी राज्य नाट्य स्पर्धा, ती रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात बघायला जा, दिवसाआड का होईना, पडलेली नाटकं तर नक्की बघ कारण पडलेल्या नाटकातून का पडलं ते दिसतं, चांगल्यातून चांगलं का झालं ते सहसा दिसत नाही. कार्तिक पौर्णिमा झाली की आमच्याकडे जत्रा. शिमग्यात तुमचं नमन. मे महिन्यात मुंबईकर येतात, तेव्हा गावच्या नाटकाला प्रॉम्प्टिंगला बसायचं. प्रॉम्प्टिंगला कोणी तयार नसतं, तू हो म्हण, अख्खं नाटक कानातून जातं आणि कोण कुठे श्वास चुकतो ते कळतं.

एक दिवस काढून कुडाळला उतर आणि पिंगुळीला जाऊन ये, अगदी जवळ आहे. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या तिथे बघायला मिळतात, ती परंपरा टिकवणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्रांच्या गठ्ठ्याला तिथे पोथी म्हणतात, हा शब्दच केवढा आहे बघ, एक एक चित्र दाखवत कथा गायची. निवेदन म्हणजे काय ह्यावर मी वर्गात जे दोन आठवडे बोलते ते तिथे अर्ध्या तासात समजतं. बाहुलीला चेहऱ्याचा अभिनय नाही, तरी ती रुसलेली कळते. कशावरून कळते ते बघून मला सांग.

पैशांचं खरं सांगू का, हौशी नाटकाने पोट भरत नाही, उलट खिशातून जातात. माझं घर कॉलेजच्या पगारावर चालतं, तो मिळायला एम. ए. नंतर सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा काढावी लागली आणि पहिली कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर गेली, ती वर्षं क्लासच्या फीवर काढली. म्हणून साहित्याची पदवी कच्ची ठेवू नकोस, तीच दोरी आहे. रात्रीच्या तालमींचं घरी टेन्शन असणार, ते चूक नाही, सोबत एक मैत्रीण पक्की कर आणि तालमीची वेळ आईला फोनवर दिग्दर्शकालाच सांगायला लाव. जो दिग्दर्शक हे करायला कुरकुरतो त्याच्याकडे काम करू नकोस. इथे मी अडून बसते, ह्यावर वाद नको.

राहिलं घुंगरांचं. शंभराचे जोड घेतलेत आणि पावसात हिरवे पडून दोरीला वास मारतो म्हणतेस. सगळ्यांचंच होतं ते इथे. नाचून झाल्यावर घामासकट पिशवीत कोंबू नकोस, आधी सुक्या फडक्याने पुसून तासभर पंख्याखाली पसर, चुलीवर टांगलेस तर काजळी धरेल. हिरवं पडलं असेल तर चिंच किंवा आंबसुलाच्या पाण्याने ब्रशने घास, पण दोरीत पाणी मुरू देऊ नकोस, नंतर कोरडे होईपर्यंत उलटसुलट कर. दोरी कुजली असेल तर नवी ओवून घे, जाड सुती, दुकानातली नायलॉन घेऊ नकोस, पायाला कापते. आणि स्लॅबवर नाचत असशील तर आधी ते बंद कर, नडगी जाते त्याने, पडवीत शेणाने सारवलेली जमीन असेल तर तिच्यासारखी जागा नाही, फक्त सारवल्यावर दोन दिवस थांब, नाहीतर ततकाराचे खड्डे पडतात आणि मग आई ओरडते, माझी अजून ओरडते.